नववी ब नावाची पोरगी

म्हात्रेबाई कासू स्टेशनात गाडीत चढायच्या त्या आधी छत्री आत फेकून. छत्री ज्या बाकावर पडेल तो बाक त्यांचा. पाऊस असो नसो, छत्री असायचीच. एकदा ती माझ्या मांडीवर पडली आणि आमची ओळख झाली.

"नवे मराठीचे सर ना तुम्ही?" माझ्यासमोर बसत, धाप टाकत त्या म्हणाल्या. "घेतलीत ना मांडीवर? मग रोह्यापर्यंत सांभाळा आता."

मी खरोखरच रोह्यापर्यंत ती छत्री मांडीवर धरून बसलो. खाली ठेवली तर त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं. उतरताना त्यांनी छत्री घेतली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"अहो, गंमत केली मी. तुम्ही फारच मनाला लावून घेता हो."

माझं निदान त्यांनी पहिल्याच दिवशी केलं ते असं. मी मुळातच अपराधी वाटून घेणारा माणूस. वर्गात खडू तुटला तरी संस्थेचं नुकसान केल्यासारखं वाटायचं. आता पन्नाशी ओलांडल्यावर त्यात थोडा फरक पडला आहे. पडला असेल, तर तो बाईंमुळे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पेणचा. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला मला घेतलं होतं, पण तात्पुरतं. याआधी दोन शाळांत असाच तात्पुरता होतो आणि दोन्हीकडून मे महिन्यात घरी आलो होतो. या खेपेला मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, की तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पाठ बघून चांगला शेरा दिला, तर ते मला कायम करण्याची शिफारस करतील. नाही दिला तर नाही. निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हा दिवस गेले होते. ती काही बोलायची नाही. सकाळी डबा हातात देताना फक्त माझ्या तोंडाकडे बघायची.

म्हात्रेबाई त्याच शाळेत मराठीच्या जुन्या शिक्षिका. उंच, सावळ्या, आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांनी त्यांचं ऐकून आपल्या वहीत लिहून घ्यावं. माहेर-सासर दोन्ही खाडीकाठचं, मिठागरातलं. घरापासून स्टेशनापर्यंत खाडीचं पाणी अडवणाऱ्या खाराच्या बांधावरून चालत यायच्या, त्यामुळे साडी टाचेपासून वीतभर वर खोचलेली आणि चपला चिखलाने भरलेल्या. शाळेत शिरण्याआधी नळावर पाय धुवायच्या, चपला धुवायच्या, मग साडी खाली सोडायच्या. साडी खाली आली की बोलणंही बदलायचं. गाडीतलं 'हाय' आणि 'नाय' नळापाशी राहायचं आणि स्टाफरूममध्ये 'आहे' आणि 'नाही' शिरायचं. निदान मला आधी तसं वाटलं होतं. नंतर कळलं, की रागावल्या किंवा खूश झाल्या की नळ वगैरे काही मध्ये यायचा नाही.

त्यांचं चरित्र मला नीट ठाऊक नाही. नवरा लवकर गेला एवढं ऐकून होतो, त्यांनी कधी विषय काढला नाही. मला ठाऊक आहेत त्या सवयी. पिशवीत भाजलेल्या चण्यांची पुडी. समोरच्याला विचारायच्या नाहीत, सरळ त्याच्या तळहातावर चणे ओतायच्या. खिडकी नेहमी खाडीच्या बाजूची. मिठाचे ढीग दिसले की चालू वाक्य तोडून म्हणायच्या, "यंदा पांढरं हाय," किंवा "यंदा मळलंय," आणि वाक्य पुढे जोडायच्या. आणि दुसऱ्याने माफी मागितली की त्यांना राग यायचा. माझ्यासारख्या माणसाची त्यात फार पंचाईत व्हायची.

त्यांचा एक तास मी मागच्या बाकावर बसून बघितला. त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता आणि आठवीचा वर्ग वाट बघत होता. बाई आत आल्या, छत्री टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी इतकी हळू आली रे, की कासूला चढले तेव्हा हातात कैरी होती, रोह्याला उतरले तर आंबा झालेला."

मुलं हसली. एक जण म्हणाला, "बाई, खाल्लात का मग?"

"खाल्ला की. रिकामी कशाला बसू?"

"मग बाठा रुजला नाही ते बरं!"

मग वर्ग सुटलाच. कुणाच्या एस.टी.त म्हाताऱ्याची दाढी वाढली, कुणाच्या एस.टी.त कोंबडीने अंडी घालून पिल्लं उबवली. बाई फळ्यावर एकेक वाक्य लिहीत होत्या, मुलांच्या तोंडून जसं येईल तसं, एक अक्षर न बदलता. तास संपायला आला तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्या थापा मारल्यात, पण खोटारडं कुणालाच म्हणाला नाहीत. का?" मुलांनी विचार केला, उत्तरं दिली, आणि मग कुठे फळ्याच्या कोपऱ्यात शब्द आला, अतिशयोक्ती.

मी नंतर विचारलं, "बाई, मुलांची बोली तशीच्या तशी लिहिता फळ्यावर?"

"तोंडातून आलं की पोरं हसतात. फळ्यावर आलं की नाय हसत, उतरवून घेतात." खडूचे हात झटकत त्या म्हणाल्या. "सवयच हाय ती त्यांना. आपण वापरायची."

पुढे माझ्या तपासणीचा दिवस ठरला. वर्ग नववी ब, विषय अलंकार. मी रात्री जागून पाठाचं टाचण काढलं. सकाळी गाडी नागोठण्याला क्रॉसिंगसाठी थांबली तेव्हा वही बाईंच्या पुढे धरली. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती. प्रत्येकाची व्याख्या, उदाहरण, सराव. शिवाय रंगीत तक्ता, त्याला वडिलांनी कारखान्यातल्या सोनेरी रंगाने किनार काढून दिली होती.

बाईंनी सगळं वाचलं. तोपर्यंत त्या मला 'मास्तर' आणि 'तू' म्हणू लागल्या होत्या.

"अक्षर सुरेख हाय तुझं."

"आणि पाठ?"

"पाठ कोणासाठी काढलायस?"

"नववी बसाठी."

"नववी ब नावाची पोरगी हाय का कोण वर्गात? कुठं बसते? घरी कोण कोण हाय तिच्या?"

मी वहीत बघायला लागलो. समोरून मालगाडी जायला लागली, ती संपेपर्यंत बाई तिचे डबे मोजत होत्या. मग म्हणाल्या, "डोळे मीट. वर्ग बघ. कोण बोलत नाय?"

मी डोळे मिटले आणि लगेच दिसली ती सुगंधा. खिडकीजवळचा बाक, दोन वेण्या, नजर बाहेर. आई-वडील कासूकडच्या मिठागरात. ही रोह्याला मामाकडे राहून शिकत होती, मामा धाटावच्या एका कंपनीत कामाला. जूनमध्ये एकदा ती काहीतरी सांगायला उठली आणि 'पानी तापला' असं म्हणाली. वर्ग हसला. मी म्हणालो होतो, "पाणी तापलं म्हणावं." प्रेमानेच म्हणालो होतो. त्यानंतर ती उठली नाही. हे मी बाईंना सांगितलं आणि सांगता सांगता खिशात रुमाल शोधायला लागलो.

"रडू नको. चणे खा," बाई म्हणाल्या. "तिला बोलावंसं वाटेल असा पाठ काढ. एकीसाठी काढलेला पाठ बाकीच्यांना पण लागतो. सगळ्यांसाठी काढलेला कोणालाच लागत नाय. आणि पाच अलंकार कशाला? उपमा घे, चेतनगुणोक्ती घे. बास."

"व्याख्या आधी देऊ ना?"

"तुमच्या पेणला गणपतीचे डोळे कधी काढतात?"

"शेवटी. सगळं रंगकाम झाल्यावर."

"मग?"

रोहा येईपर्यंत आम्ही नवं टाचण काढलं. आम्ही म्हणजे त्या बोलत होत्या आणि मी लिहीत होतो. मधेच त्या खिडकीबाहेर बघून "यंदा पांढरं हाय," म्हणाल्या आणि मी तेही लिहिलं. पाठाचा पहिला प्रश्न ठरला, 'तुमच्या घरची माणसं कशाला कशासारखं म्हणतात?' आगरात, म्हणजे मिठागरात, पाणी आटून मीठ धरतं त्यावर सुगंधासाठी एक प्रश्न वेगळा राखून ठेवला, 'मीठ बसतं तेव्हा कसं दिसतं?'

मुख्याध्यापकांनी ते टाचण पाहिलं आणि चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, "यात मुलं काहीही बोलतील. साहेबांसमोर काहीही चालत नाही. प्रश्न ठरवा, उत्तरं ठरवा, कोण उठणार ते ठरवा. आणि उद्या तालीम घ्या."

बाई तिथेच होत्या. "सर, तालीम नाटकाची करतात."

"बाई, तपासणी म्हणजे नाटकच. पडदा नीट पडला म्हणजे झालं."

निर्मलाचं सकाळचं तोंड मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी तालीम घ्यायला उभा राहिलो. सुरुवात होतेय तोच दारात बाई.

"सर, सुगंधाला जरा पाठवता? वाचनालयाचं कपाट लावायचं आहे. चल गो."

मी पाठवली. खरं सांगायचं तर बरं वाटलं, कारण ती बोलणार नव्हतीच आणि तिच्याकडे बघितलं की मला आपली लाज वाटत होती. जिच्यासाठी पाठ काढला तिलाच बाहेर पाठवून मी बाकीच्यांना उत्तरं घोकायला लावली. प्रश्न पहिला, आई रागावली की तिचा चेहरा कसा होतो? राजेशने उठायचं, 'तापलेल्या तव्यासारखा.' प्रश्न दुसरा, वारा आला की झाडं काय करतात? संजयने उठायचं, 'नाचतात.' प्रश्न तिसरा, हा कोणता अलंकार? मीनलने उठायचं, 'चेतनगुणोक्ती.' मुलं हुशार. दोनदा घेतलं आणि पाठ झालं.

तपासणीचे साहेब बारीक अंगाचे होते आणि त्यांना खोकला झाला होता. ते मागच्या बाकावर बसले, एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला म्हात्रेबाई. मी तक्ता टांगला. तक्ता दोनदा खाली पडला, दोनदा उचलून पुन्हा टांगला. आणि त्या गडबडीत मी पहिला प्रश्न विसरून सरळ दुसरा विचारला.

"सांगा बरं, वारा आला की झाडं काय करतात?"

राजेश ताडकन उठला. "तापलेल्या तव्यासारखी, सर!"

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीने पहिलं उत्तर बरोबर आलं होतं. मी घाम पुसला आणि तसाच पुढे गेलो.

"बरं... तर हा कोणता अलंकार?"

"नाचतात, सर," संजय म्हणाला.

मीनल आधीच अर्धी उभी राहिली होती. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांचा खोकला थांबला. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तालीम घेतली होती का?"

"हो, साहेब," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं गेलं, मला कळलं नाही. खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्या क्षणी माझ्यापाशी नव्हती. संपलं, असं मनात आलं. आता मे महिना, पेणचं घर, वडिलांशेजारी बसून गणपतीला रंग देणं.

साहेब म्हणाले, "तालमीला नव्हतं असं कुणी आहे का वर्गात?"

सगळा वर्ग खिडकीकडे वळला.

"मग त्या मुलीला विचारा," साहेब म्हणाले. "काहीही विचारा."

माझ्याकडे एकच प्रश्न होता. "सुगंधा, मीठ बसतं तेव्हा कसं दिसतं?"

ती उभी राहिली. बाईंकडे बघितलं. बाई छत्रीची दोरी सोडत होत्या, बांधत होत्या. बाहेर कुणाच्या तरी वर्गात पाढे चालले होते. मी दुसरं काहीतरी विचारून तिची सुटका करणार, तेवढ्यात ती खिडकीबाहेर बघत बोलली.

"आगरान पानी तापला का त्याच्यावर दुधावानी साय धरते. मंग आय बोलते, हात नको लावू गो, मोडंल."

वर्ग हसला. जूनमधलं तेच हसू, तिथूनच पुढे सुरू झाल्यासारखं. सुगंधाचा चेहरा मिटायला लागला. आणि मी काही न ठरवता फळ्याकडे वळलो, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आगरान पानी तापला का त्याच्यावर दुधावानी साय धरते.'

पाठीमागे हसू थांबलं. वह्या उघडल्याचा आवाज आला.

"सर," मीनल म्हणाली, "पानी तसंच लिहायचं?"

"तसंच."

मग मी सुगंधाला विचारलं, "आणि ढग आले, साय नाही धरली तर?"

"तर आय बोलते, आज आगर रुसला."

तेही लिहिलं. आता तिचा आवाज खिडकीकडे जात नव्हता, वर्गात येत होता. मागून धाटावहून येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, बाबांच्या कंपनीचा भोंगा पण हाका मारतो. आई म्हणते, बोलावतोय बघा तुमचा सासरा." या वेळी वर्ग हसला, पण ते हसू निराळं होतं. खांबहून येणारी एक मुलगी म्हणाली, की वालाचा कोंब मातीतून वर येतो तो मान खाली घालूनच येतो, नव्या नवरीसारखा. तिची उपमा की चेतनगुणोक्ती यावर राजेश आणि संजय यांचं भांडण लागलं, आणि त्या भांडणातच दोन्ही व्याख्या झाल्या. मला द्याव्या लागल्या नाहीत. घंटा झाली तेव्हा फळा भरला होता आणि सोनेरी किनारीचा तक्ता एका खिळ्यावर तिरका लोंबत होता.

साहेब उठले. खोकले. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "दुसरा अर्धा पाठ चांगला झाला. शेरा मी त्याचा देतो."

मुख्याध्यापकांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी मला दिला, मग स्वतःचा घाम हातानेच पुसला.

संध्याकाळच्या गाडीत मी बाईंसमोर बसलो आणि बोलायला लागलो. तुमचं ऐकलं नाही, तालीम घेतली, पाठ माझा नव्हताच, त्या मुलीने वाचवलं, हा शेरा मी कुठल्या तोंडाने घेऊ, वगैरे. बाईंनी बरंच ऐकून घेतलं. मग चण्यांची पुडी सोडली.

"झालं तुझं? तुला ना, अपराधी वाटून घ्यायची हौस हाय. कपाट लावायला काय माझ्याकडे पोरं कमी होती?"

मला आधी समजलं नाही.

"एक पोर कोरी ठेवली होती मी," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापकांचं तू मोडणार नाय, हे मला ठाऊक होतं. पोटाशी संसार बांधलेला माणूस कसा मोडेल? आणि साहेबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाय, हे पण ठाऊक होतं. वारा-झाडाचं तेवढं ठाऊक नव्हतं." आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांना फुटलं. "तापलेल्या तव्यासारखी झाडं! अरे देवा!" डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मीही हसायला लागलो. कितीतरी महिन्यांनी छातीवरचं काहीतरी उचललं गेलं. गाडी नागोठण्याला थांबली तरी आम्ही हसतच होतो.

"पण बाई, सुगंधासाठी तुम्ही एवढा विचार केलात..."

"सुगंधासाठी तू काढलास पाठ," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "माझा तुझ्यासाठी होता." आणि खिडकीबाहेरच्या चिकूवाल्याला ओरडल्या, "काय रे, चिकू हायत का दगड? दाखव हिकडं!"

एप्रिलमध्ये कायम झाल्याचा कागद आला. मी पेढे घेऊन गेलो, त्यांनी एक खाल्ला आणि बाकीचे नववी बमध्ये वाटायला लावले. मुलगी झाली तेव्हा निर्मलाने विचारलं, नाव काय ठेवायचं? ते आम्ही सुगंधा ठेवलं. बाई म्हणाल्या, "बघ हां, ही पण गप्प बसली तर मला सांग." आमची सुगंधा कधी गप्प बसली नाही.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्या अगदी थोडं बोलल्या आणि मुलांना चणे वाटले. त्यानंतर कासूला गाडी थांबली की माझं लक्ष आपोआप दाराकडे जायचं, छत्री येतेय का म्हणून.

एकदा दिसल्या. मी रोह्याकडे निघालो होतो आणि त्या पेणला जायला पलीकडच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसल्या होत्या. केस पांढरे, साडी तशीच वर खोचलेली, शेजारी छत्री. मी खिडकीतून हाक मारली. त्या उठून दोन पावलं पुढे आल्या, पण जवळ येईपर्यंत गाडी सुटायला लागली.

"मास्तर!" त्यांचा आवाज तोच होता. "आज कोणासाठी?"

"प्रकाशसाठी!" मी ओरडलो. "कविता सुरू झाली की झोपतो!"

"वडील शिफ्टला हायत का त्याचे?"

"हो! रात्रपाळीला! हा घर राखत जागतो!"

"मग झोपू दे त्याला थोडा!" गाडीबरोबर चालत त्या म्हणाल्या. "मग उठव!"

मी मान डोलावली. त्या थांबल्या. गाडीने वेग घेतला तेव्हा मागे वळून पाहिलं, तर फलाटाच्या टोकाला उभ्या राहून त्यांनी छत्री उंच धरली होती, गार्ड हिरवा बावटा धरतो तशी.

त्या दिवशी मी प्रकाशला अर्धा तास झोपू दिला. मला अजिबात अपराधी वाटलं नाही.